घाणेवाल्याची तिसरी खेप

एका नदीकाठच्या गावात एक घाणेवाला राहायचा. दिवस उगवला की तो फिरायला लागायचा आणि मावळेपर्यंत फिरत राहायचा, पण बसून. आता हे कसं, ते सांगते. तेलाच्या घाण्याला एक आडवं लाकूड असतं. त्याच्या टोकाला बैल जुंपतात, तो गोल फिरतो, आणि लाकडावर वजन ठेवतात. वजन जितकं जास्त तितका तीळ चांगला दाबला जातो आणि तेल जास्त सुटतं. बाकीचे घाणेवाले त्या लाकडावर दगड ठेवायचे आणि स्वतः बैलामागे चालायचे. ह्या घाणेवाल्याच्या बापानंही जन्मभर तेच केलं. लेकानं मात्र दगड उतरवून अंगणाच्या कोपऱ्यात रचले आणि त्यांच्या जागी स्वतः जाऊन बसला.

सुरुवातीला तो दोन दगडांएवढा होता. मग तिनांएवढा झाला, मग पाचांएवढा. गिऱ्हाइकं पेंड बोटांत चुरून बघायची आणि म्हणायची, "शेठ स्वतः बसले की पेंडीत थेंब राहत नाही बघा." त्याला ते ऐकून फार बरं वाटायचं. आपलं वजन हीच आपल्या धंद्याची बरकत, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. भातावर तिसऱ्यांदा तूप घेताना तो स्वतःला सांगायचा की हे काही आपण जिभेसाठी करत नाही.

त्या गावाची एक जुनी रीत होती. गावामागे टेकडी होती आणि टेकडीला दोनशे चाळीस पायऱ्या होत्या. माथ्यावर एक दगडी डोणी होती. रोज सकाळी प्रत्येक घराच्या कर्त्या माणसानं, मग तो बाप्या असो की बाई, नदीवर तांब्या भरायचा, पायऱ्या चढायच्या आणि ते पाणी डोणीत ओतायचं. डोणीवर पाखरं यायची, शेळ्या यायच्या. गंमत म्हणजे डोणीच्या शेजारीच बारमाही झरा होता. पाखरांना तोही पुरला असता. पोरं विचारायची, "मग खालून पाणी कशाला न्यायचं?" म्हातारी माणसं म्हणायची, "झरा झऱ्याचं काम करतो, तू तुझं कर." खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. शंभरावरच्या दहाव्या पायरीवर एक मासोळी कोरलेली होती. ती कुणी कोरली, का कोरली, हेही कुणाला माहीत नव्हतं. चढणारे तिला हात लावून तो कपाळाला टेकवायचे आणि पुढे जायचे.

रीतीला सूट एकच होती. घरात सुतक असेल तर दहा दिवस बदली माणूस पाठवता यायचा.

घाणेवाल्याची बायको बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. तिचं नाव राही. त्या दहा दिवसांत तान्ह्या लेकीला छातीशी धरून बसलेल्या त्या माणसाकडे बघून सगळं गाव हळहळलं. त्यानं शेजारच्या बिराला बदली म्हणून बोलावलं. बिरा घोंगड्या विणायचा. दिवसभर मागावर वाकून वाकून त्याच्या पाठीला पोक आलं होतं आणि लोकरीच्या तुसानं खोकला धरला होता. घरात म्हातारी आई होती आणि पोटाला कधी असायचं, कधी नसायचं. दोन वेळचं जेवण मिळेल म्हटल्यावर तो लगेच हो म्हणाला.

अकराव्या दिवशी घाणेवाला म्हणाला, "बिरा, पोर फार लहान आहे रे. तिला एकटी टाकून कसा चढू? अजून थोडे दिवस तूच ने."

"न्हेतो की, मालक."

मला इथं त्याला दोष द्यावासा वाटत नाही. आईविना लेकरू पदरात असलेल्या माणसानं अजून चार दिवस मागितले, तर कोण नाही म्हणेल? पण चार दिवसांचा महिना झाला आणि महिन्याचं वर्ष. राही रांगायला लागली, चालायला लागली, धावायला लागली, तरी तांब्या बिराच नेत होता. राही नऊ वर्षांची झाली तेव्हा बापाची दहा दिवसांची सूट नऊ वर्षं चालू होती.

ह्या नऊ वर्षांत दोन माणसं बदलली.

बिरा पहिल्या आठवड्यात पन्नासाव्या पायरीवर बसून खोकत राहायचा. त्याला रोज दोन खेपा होत्या, एक स्वतःच्या घराची आणि एक मालकाच्या घराची. हळूहळू तो सत्तराव्या पायरीपर्यंत न थांबता जाऊ लागला, मग मासोळीपर्यंत, मग थेट माथ्यापर्यंत. पाठ सरळ झाली. खोकला कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भूक लागू लागली, झोप लागू लागली, आणि पूर्वी मागावर बसला की कुढत राहणारा माणूस आता विणताना ओव्या गुणगुणू लागला.

आणि घाणेवाला? त्याच्या गुडघ्यांतून घाण्यासारखा आवाज येऊ लागला. उंबरा ओलांडताना त्याला चौकट धरावी लागायची. रात्री उताणं झोपलं तर दम कोंडायचा, म्हणून तो लोडाला टेकून बसूनच झोपायचा. म्हणजे आता झोपही बसूनच. तो लघवीला जाऊन आला की न्हाणीच्या मोरीत मुंग्यांची रांग लागू लागली. पायाला काटा रुतला तो त्याला कळलाच नाही, आणि ती जखम महिनाभर भरेना.

राही बापाजवळ घाण्याच्या लाकडावर बसायची आणि बैलाचे फेरे मोजायची. मोजण्यात ती पक्की होती. एक दिवस ती म्हणाली, "आबा, बैल आज तीनशे सहा फेरे चालला. तुम्ही किती चाललात?"

घाणेवाला हसला, पण त्याला ते लागलं. त्यानं वैद्यबुवांना बोलावणं धाडलं.

वैद्यबुवा सात गावं पायी फिरणारे, काटकुळे आणि तोंडानं फटकळ. त्यांनी नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. मोरीतल्या मुंग्याही त्यांनी वाकून पाहिल्या.

"शेठ, टेकडीवर शेवटचे कधी गेला होता?"

"आमचा तांब्या रोज जातो, वैद्यबुवा. एक दिवस चुकलेला नाही."

"तांब्या जातो. तुम्ही कधी गेला होता?"

घाणेवाल्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"तुम्हाला काढा देतो, जखमेला लेप देतो," वैद्यबुवा म्हणाले. "पण नुसत्या काढ्यानं काही व्हायचं नाही. आधी त्या लाकडावरून उतरा. दगड परत ठेवा आणि बैलामागे चाला. पाणी स्वतः शेंदा, पेंडीच्या पाट्या स्वतः उचला, जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारा. आणि टेकडी चढा. एकदम नाही हं, मराल! पहिल्या दिवशी दहाच पायऱ्या. दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी बारा. रोज एकच वाढवायची."

"आणि नाही जमलं तर?"

वैद्यबुवांनी अंगणात बैलाला चारा घालणाऱ्या राहीकडे पाहिलं. "तिला तुमच्याशिवाय कोण आहे?" त्यांनी विचारलं, आणि पडशी खांद्याला मारून ते चालू लागले.

घाणेवाला घाबरला. खरंच घाबरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो काठी घेऊन गेला आणि दहा पायऱ्या चढला. बायाबापड्या तांबे घेऊन सरसर पुढे निघून गेल्या. कुणी हसलं नाही, पण त्याला वाटलं, सगळे हसताहेत. तरी तो दुसऱ्या दिवशी अकरा चढला, मग बारा, मग तेरा. तेराव्या पायरीवर त्याला खालची नदी चकाकताना दिसली आणि किती वर्षांत आपण ही पाहिली नाही असं त्याच्या मनात आलं. त्या दिवशी त्याला चांगली झोप लागली.

पाचव्या दिवशी तिळाच्या गाड्या आल्या. अंगणात पोत्यांची थप्पी लागली. तो म्हणाला, "एवढा माल उरकला की मग." लाकडावर दगड ठेवून पाहिले, पण गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ बसले असते तर बरं झालं असतं." झालं! शेठ पुन्हा चढून बसले. तीळ संपला तेव्हा थंडी पडली होती. मग थंडी सरल्यावर, मग होळी झाल्यावर, मग ऊन उतरल्यावर.

पण भीती काही जात नव्हती. राही झोपेत त्याच्या अंगावर हात टाकायची आणि तो पहाटेपर्यंत जागा राहायचा. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं की यजमान पाटावर बसतो, गुरुजी त्याच्या नावानं संकल्प सोडतात, जप गुरुजी करतात आणि पुण्य यजमानाला लागतं. मग चालण्याचं तसं का होऊ नये?

त्यानं बिराला बोलावलं. त्याच्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आजपासून तू तिसरी खेप करायचीस. पहिली तुझ्या घराची, दुसरी माझ्या घराची, तिसरी माझ्या प्रकृतीची. त्या खेपेचं जे काय फळ असेल ते मला."

बिरा त्या पाण्याकडे बघत राहिला. "मालक, राग मानू नगा. पर तुमची भूक मी जेवून भागंल का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तुला भाकरी हवी आहे ना? मग चढ."

बिराला भाकरी हवी होती, म्हणून तो चढला. तीन वेळा चढून उतरला की तो अंगणात येऊन सांगायचा, "मालक, तुमची बी झाली." घाणेवाला लाकडावर बसल्या बसल्या हात जोडायचा आणि त्याला खरोखर थोडं बरं वाटायचं. माणूस स्वतःला फसवायला लागला की किती मनापासून फसवतो!

राहीला ते पटत नव्हतं. ती एकदा म्हणाली, "आबा, चला ना, आपण दोघं चढू. मी मोजते."

"जाऊ गं. पुढच्या महिन्यात नक्की."

असे वैद्यबुवा येऊन गेल्याला चौदा महिने झाले.

कार्तिकातली एक दुपार होती. आभाळ लख्ख होतं. ढगाचा मागमूस नव्हता. माथ्यावर शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं सहज नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिथं दोन कोसांवर फार जुना तलाव होता. त्याचा बांध मधोमध फुटला होता आणि पाणी दरीतून खाली येत होतं. म्हातारीनं डोणीवर राहिलेला तांब्या उचलला आणि दगडावर बडवत ती ओरडत सुटली, "वर या! पाणी आलं! समदं टाका आन् वर या!"

गावाच्या खालच्या बाजूला नदी एका अरुंद खिंडीतून जायची. एवढं पाणी त्या खिंडीतून निघणार नव्हतं. ते तुंबणार होतं आणि गावात चढणार होतं. वर पळण्याशिवाय वाट नव्हती.

गाव पळालं. बायांनी लेकरं काखेला मारली, कुणी म्हातारे पाठीवर घेतले. एक बाई सात महिन्यांची पोटुशी होती, तीही कमरेला हात लावून चढली. कुणाला कसं चढायचं ते सांगावं लागलं नाही. कुठली पायरी हलते, कुठली निसरडी आहे, सगळं पायांना पाठ होतं. रोजचीच तर वाट होती.

राहीनं आधी बैलाचं जू सोडलं आणि डोळ्यांवरची झापडं काढली. बैल क्षणभर उभा राहिला, मग पायऱ्या सोडून सरळ उतारावरूनच टेकडी चढून गेला. राहीनं बापाचा हात धरला. "आबा, उठा!"

घाणेवाला लाकडावरून उतरला. गल्ली ओलांडून पायऱ्यांपाशी पोचेपर्यंतच त्याचा श्वास तुटू लागला. मागे पाणी गावात शिरत होतं. आधी गुडघाभर, मग कमरेएवढं. राही मोजू लागली. "एक, दोन, तीन... आबा, मोठ्यानं श्वास घ्या... दहा, अकरा..."

तेरा ओलांडल्या. तेराव्यापुढे तो गेल्या दहा वर्षांत गेला नव्हता. आज तो गेला. वीस, तीस, चाळीस. त्याचे गुडघे पेटले होते, कानांत घण पडत होते, डोळ्यांपुढे काळं येत होतं. लेकीचा हात ओढत होता म्हणून तो चढत होता. लोक बाजूनं पुढे जात होते. साठ, सत्तर. दर पायरीला पाणीही एक पायरी चढत होतं. ऐंशी. नव्वद.

"ब्याण्णव," राही म्हणाली, आणि तो बसला.

"आबा, उठा ना!"

तो बोलू शकत नव्हता. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. मन हो म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते. मागून आलेल्या दोघांनी आपली पोरं खाली ठेवून त्याला काखेत हात घालून उचलायला पाहिलं. तो जागचा हलला नाही. पायऱ्या अरुंद, तिसऱ्याला उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग आपली पोरं उचलली आणि मान खाली घालून ते वर गेले. त्यांना काय म्हणायचं?

राही बापाच्या शेजारी बसली. "मग मी पण नाही जात."

पाणी तेव्हा साठाव्या पायरीवर होतं.

बिरानं आपल्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन माथ्यावर पोचवलं होतं. ती त्याची पहिली खेप. तिथं त्यानं गर्दीत राहीला शोधलं. ती दिसली नाही, तसा तो उलट्या पावली खाली धावला आणि ब्याण्णवाव्या पायरीवर त्याला बापलेक सापडले.

"मालक, उठा! ती बघा मासोळी दिसतीया, तिथवर तरी चला!"

"बिरा, मला उचल."

बिरानं खाली वाकून जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. पाच दगडांचं वजन त्याच्यानं उचललं गेलं नाही.

"इतके दिवस तू चढलास ना माझ्या बदली," घाणेवाला धापा टाकत म्हणाला. "तिसरी खेप माझीच होती ना?"

बिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या नावानं चढलो, मालक. तुम्हाला घिऊन कधी चढलो न्हाई."

घाणेवाल्यानं मान हलवली. खरं म्हणजे त्याला ते पहिल्यापासूनच माहीत होतं. पाणी सत्तराव्या पायरीला लागलं. त्यानं राहीकडे पाहिलं. ती दोन्ही मुठींत त्याचं उपरणं घट्ट धरून बसली होती.

"हिला ने," तो म्हणाला.

"मी नाही जाणार!"

"राही, ऐक. आबाला बसायची सवय आहे की नाही? आबा थोडा बसतो इथं. दम आला की येतो. तू वर जा आणि मला ऐकू येईल असं मोठ्यानं मोज. म्हणजे मला कळेल किती राहिल्या." त्यानं तिच्या मुठी सोडवल्या. एकेक बोट सोडवावं लागलं. घाणेवाल्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात जड काम हेच असेल.

बिरानं तिला खांद्यावर टाकलं. ही दुसरी खेप. तो धावत चढू लागला आणि राही मागे बघत, रडत, ओरडून मोजू लागली. "त्र्याण्णव! आबा, त्र्याण्णव! चौऱ्याण्णव!" खाली बसलेला बाप दर आकड्याला हात वर करत होता. शंभरला त्यानं हात वर केला. मासोळीलाही, म्हणजे एकशे दहाला, केला. पुढे वळण होतं. वळणानंतर तो दिसेना.

वळणाच्या वर बिरानं राहीला एका बाईच्या हवाली केलं आणि तिसऱ्या खेपेसाठी तो खाली धावला. कसं उचलायचं ते त्याला माहीत नव्हतं, तरी धावला. मासोळीपाशी येऊन तो थांबला. खालची पायरी पाण्याखाली होती. गढूळ, संथ पाणी होतं आणि त्यावर पेंडीचा चुरा तरंगत होता. त्यानं दोनदा "मालक!" म्हणून हाक मारली. पाणी तिथंच थांबलं, मासोळीच्या पोटाशी. त्याच्या वर एक बोटही चढलं नाही.

तेव्हा गावाला कळलं की ती मासोळी कुणी आणि का कोरली होती. फार पूर्वी कधीतरी पाणी तिथवर आलं असणार. पूर्वजांनी खूण करून ठेवली आणि सगळ्यांना रोज ती ओलांडायला लावली. पाणी पाखरांसाठी नव्हतं.

ब्याण्णव आणि एकशे दहा. अठरा पायऱ्या कमी पडल्या. वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे दहापासून रोज एक वाढवली असती, तर एकशेएकाव्या दिवशी तो मासोळीवर पोचला असता. त्याच्यापाशी चारशेहून जास्त दिवस होते. मला तर सगळ्यात जास्त ह्याचं वाईट वाटतं की तेराच्या पुढे न गेलेला तो माणूस त्या दुपारी ब्याण्णव चढला. म्हणजे जमणारं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घाणेवाला खिंडीपाशी सापडला. घराच्या भिंती गेल्या, घाण्याचं लाकूड वाहून गेलं. अंगणाच्या कोपऱ्यात रचलेले दगड मात्र जिथल्या तिथं होते. त्या गावात दुसरं कुणी माणूस दगावलं नाही.

राहीला बिराच्या आईनं जवळ घेतलं. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या नेण्याची वेळ झाली, तेव्हा गावातली मोठी माणसं म्हणाली, "पोरी, तुझ्या घराची कर्ती आता तूच. पण तुला सुतक आहे. दहा दिवस बिरा नेईल बदली."

"नको," राही म्हणाली. "दहा दिवस आमच्या घराचं पाणी नाही गेलं तरी चालेल. बदली नको."

ते दहा दिवस ती रिकाम्या हातानं चढली. पहिल्या दिवशी ब्याण्णवाव्या पायरीवर तिचे पाय थांबले. बिरा मागे उभा होता. मग ती मोठ्यानं म्हणाली, "त्र्याण्णव," आणि पुढची पायरी चढली. "चौऱ्याण्णव." एकशे दहापर्यंत ती मोजत गेली. मासोळीला तिनं हात लावला नाही, तिच्याकडे नुसतं बघितलं. अकराव्या दिवशी तिनं नदीवर तांब्या भरला आणि दोनशे चाळीस पायऱ्या चढून डोणीत ओतला.

पुढं त्या गावात बदलीची रीत बंद झाली. सुतकातसुद्धा माणूस रिकाम्या हातानं का होईना, स्वतः चढतो. आजारी असेल त्यानं दहा पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या दिवशी अकरा. आणि ब्याण्णवाव्या पायरीपासून मासोळीपर्यंतच्या अठरा पायऱ्या तिथं लहानथोर सगळे अजूनही मोठ्यानं मोजत चढतात. नव्या माणसाला वाटतं, लेकरं खेळताहेत.

तात्पर्य: आपल्या वाट्याचं चालणं दुसऱ्याला सांगून होत नाही. आज दहा पायऱ्या जमत असतील तर आज दहाच चढा, पण आपल्या पायांनी चढा. ज्यांच्यासाठी जगायचं आहे, त्यांचा हात एक दिवस आपल्या हातात असेल आणि ते आपल्याला म्हणतील, "उठा."